दादाचा अंगठा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दादाकडे नवा कार्बनचा रॉड दाखवायला गेलो होतो. दादाने तो हातात घेतला, दोनदा हलवला आणि परत दिला. म्हणाला, "छान आहे. टीव्हीच्या अँटेनाला उपयोगी पडेल."

मग जुंपली. दादा गेली चाळीस वर्षं जुन्या गळकाठ्या आणि रिळं दुरुस्त करतो. बांबू उभा चिरून त्याच्या सहा निमुळत्या पट्ट्या करायच्या, त्या चिकटवून एक काठी करायची, दोरी ओवायच्या कड्या त्यावर रेशमी दोऱ्याने बांधायच्या, वर व्हार्निशचे पाच हात. त्याच्या मते गळकाठी म्हणजे एवढंच, बाकी सगळा प्लास्टिकचा बाजार. माझ्या मते जग पुढे गेलंय. हे भांडण आम्ही वर्षातून चारदा करतो. आमच्या गळवाल्यांच्या मंडळाच्या चिटणिसांनी तर "जुनं की नवं" यावर लेखच मागितलाय पत्रिकेसाठी, कारण आमचं ऐकून त्यांचे कान किटलेत.

वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नुसतं तोंडाने काय भांडता? मोजा की. भाऊजी, तुमचा जन्म गेला मोजण्यात."

खरं आहे. वजनमापं तपासण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. मला लांबून बघितलं की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे.

वहिनींनी नियमही करून टाकले. तीन आठवडे, रोज सकाळी. वही मी ठेवायची. किती लांब गेलं, किती वेळा गुंतलं, सोडवायला किती वेळ लागला, सगळं लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. दादा नको नको म्हणत होता, पण मीच म्हटलं, घाबरलास का? मग तयार झाला.

वहिनींना गळाची इतकी आवड आहे हे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वजनं केली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. काटा आधी तपासून घेतला. चार ग्रॅमने खोटा होता.

दादाची काठी ३१० ग्रॅम, रीळ २९०. माझा रॉड १२८, रीळ १९५. म्हणजे दादा जवळजवळ निम्मं वजन फुकट उचलतो. हे त्याला सांगितलं. म्हणाला, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, वजनाची सवय आहे." वहिनी घरात नव्हत्या म्हणून बोलला.

लेखासाठी रिळांतला फरक इथे मांडून ठेवतो. जुन्या रिळाला ब्रेक नाही. दोरीच्या टोकाचं शिसं हवेत सुटलं की दोरीची फिरकी भन्नाट फिरते. पुढे शिसं मंदावतं, पण फिरकी तशीच फिरत राहिली तर दोरी उसळते आणि असा गुंता होतो की त्यात चिमणीने खुशाल अंडी घालावीत. म्हणून अंगठा फिरकीवर ठेवायचा, ठेवला न ठेवला असा. जास्त दाबला तर शिसं पायाशी पडतं, कमी दाबला तर गुंता. नव्या रिळात हे काम लोहचुंबक करतो. अंगठा खिशात घालून फिरलं तरी चालतं.

जुन्या रिळावर दादासारखा हात कुणाचाच नाही. मंडळात एखाद्याचा हात हलका पडायला लागला की म्हणतात, याला दादाचा अंगठा आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तलावाजवळच्या मैदानात पहिली चाचणी. वीस ग्रॅमचं शिसं, प्रत्येकी दहा फेकी, टेप माझी.

जुनं: सरासरी ४३ मीटर, गुंते २.
नवं: सरासरी ५२ मीटर, गुंता नाही.

दादा म्हणाला, "थंडीने तेल जड झालंय." उद्या तेल बदलून आणणार आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

तेल बदललं. जुनं ४१, गुंते ३. नवं ५३.

दादाच्या फेकींत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पहिल्या तीन फेकी ४७-४८ जातात, शेवटच्या तीन ३६ च्या आसपास. दोन्ही दिवस तेच. जुनं पितळी रीळ तापत असणार. लेखात घालायला चांगला मुद्दा.

दादा हल्ली फार हळू बोलतो. "काय?" "काय?" करून माझाच घसा दुखला. म्हटलं, मासे बुजतील म्हणून का? पण आम्ही मैदानात होतो.

संध्याकाळी वहिनींचा फोन. आकडे लिहूनच घेतले बहुतेक. मग विचारलं, "आणि स्टुलावरून उठताना?"

"कोण, मी?"

"नाही हो, हे."

"वहिनी, स्टुलाचा आणि रिळाचा काय संबंध?"

"लिहून ठेवा. लेखाला शोभा येते."

तर लिहितो. स्टुलावरून उठायला दोन प्रयत्न लागले. स्टूल बुटकं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज तलावाच्या धक्क्यावर खरे मासे धरायला बसलो. दादाला एक, मला तीन.

आमिषाची डबी दोन दिवस दादाच्या पिशवीत तशीच राहिली होती. त्याने झाकण उघडलं आणि मी नाक धरून धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला पळालो. दादा मात्र डबीवर वाकून शांतपणे गळाला आमिष लावत होता. मला बघून म्हणाला, "काय झालं?" त्याला खरंच काही वाटत नव्हतं. जातिवंत गळवाला!

हे वहिनींना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परवा दूध करपलं तेव्हा हे स्वयंपाकघरातच पेपर वाचत होते."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुनं ४१, गुंते ४. नवं ५२.

आज दादाचे आकडे दादालाच लिहायला सांगितले, मागाहून तक्रार नको. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं आहे, मग बारीक होत होत शेवटी मुंगीएवढं. भिंग घेऊन वाचलं. त्याच्या कामाच्या खोलीत व्हार्निशच्या जुन्या बाटल्यांवर त्याच्याच हातच्या चिठ्ठ्या आहेत, त्या दारातून वाचता येतात. म्हटलं, कागद वाचवतोस का? म्हणाला, "तुझी वही, तुझे कागद. मी कशाला वाचवू?"

शिशाची गाठ सुटली होती ती मला मारायला सांगितली. चष्मा विसरलोय म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. वय झालं की माणूस विसरतो.

गुंते वाढतायत तसा तो गप्प होत चाललाय. हरणं त्याला कधीच जमलं नाही. मलाही आता पूर्वीइतकी मजा येत नाही. पण एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

रात्री झोपताना डोक्यात आलं होतं की माझी चाचणीच चुकीची आहे. कचेरीत एखाद्या दुकानाचं माप कमी भरलं तर आम्ही लगेच तराजूला दोष देत नसू. तीच वजनं दुसऱ्या तराजूत टाकून बघायची, हा पहिला धडा. मी अकरा दिवस दादा आणि जुनं रीळ यांना एकत्रच मोजत होतो.

सकाळी दादाला म्हटलं, आज अदलाबदल करू. तो म्हणाला, "माझ्या रिळाला दुसऱ्याचा अंगठा चालत नाही." आणि गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेला. गाडी बरीच लांब लावलेली होती. मी त्याची काठी उचलली आणि दहा फेकी टाकल्या.

जुनं रीळ, माझा हात: सरासरी ४८. गुंता एक. पहिली फेक ४८, शेवटची ४९.

रीळ तापत नव्हतं.

दादा परत येताना मी त्याच्याकडे बघत होतो. डावा हात चालताना हलत होता. उजवा नव्हता. अंगाला लावून ठेवल्यासारखा होता, जणू काखेत वर्तमानपत्र धरलंय.

त्याने माझ्या हातातली काठी बघितली, टेप बघितली. मी माझा रॉड पुढे केला. "एकदा टाक तरी."

त्याने टाकल्या. सगळ्या दहा. गुंता एकही नाही, चुंबक आहेच. सरासरी ३७.

मी आकडा लिहिला. त्याने वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "तुझा रॉड वाईट आहे." चहा न पिता निघून गेला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी शेवटचा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "उद्यापण जा त्यांच्याबरोबर. बंद करू नका."

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस दादा आला नाही. आज मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मोजणार नाही, नुसते मासे धरू. आला.

धक्क्यावर बसलो. नवाच्या सुमाराला त्याच्या काठीला ओढ लागली. साधीसुधी नव्हे, काठी पार पाण्यापर्यंत वाकली. पूर्वी असा मासा लागला की दादा उभा राहून शिव्या देत देत त्याला खेळवायचा, आजूबाजूचे गळ टाकायचे सोडून बघायला यायचे. आज तो बसूनच होता. डावा हात काठीवर, उजवा रिळाच्या मुठीवर. मासा आमच्या दिशेने वळला, दोरी सैल पडली.

"गुंडाळ दादा! सैल पडलीय, गुंडाळ!"

तो गुंडाळेना. मला वाटलं, त्याची काही युक्ती असेल. मी पुन्हा ओरडलो. हात मुठीवर तसाच. दोरी पाण्यावर पडून राहिली आणि मग एकदम हलकी झाली. मासा गेला.

मी चिडलो. चक्क चिडलो. "नुसता बसून काय राहिलास? फिरवायला काय झालं होतं?"

दादा रिळाकडे बघत होता. म्हणाला, "मी फिरवत होतो. हात फिरत नव्हता."

धक्क्यावर आणखी दोघं होते, ते दुसरीकडे बघायला लागले.

मी त्याच्या शेजारी बसलो. किती दिवस, विचारलं. म्हणाला, वर्ष झालं असेल, जास्तही. आधी वाटलं खांदा आखडलाय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून मलम दिलं. मग कड्या बांधायला जमेना. दोरा बोटांत धरला की बोटं ऐकत नाहीत. सहा महिन्यांत एकही काठी पुरी केलेली नाही. लोकांना सांगतो, बांबू चांगला मिळत नाही.

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला कशाला सांगू? घाबरेल."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनींना सगळं माहीत होतं.

त्या आज माझ्या घरी आल्या. एकट्या. पस्तीस वर्षांत प्रथमच. खुर्चीत बसल्या आणि वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली, मधेमधे बोट ठेवून. स्टूल. आमिषाची डबी. बारीक अक्षर.

"मी वर्षभर सांगतेय, मोठ्या डॉक्टरांकडे चला," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, तुला उगाच शंका येतात. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, दार लावून घेतात आत. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही, पण तुम्ही टेप लावून मोजलेलं ते नाही म्हणू शकणार नाहीत. लहानपणापासून तुमच्या मापाला घाबरतात."

म्हणजे गळाची आवड वगैरे काही नव्हती.

मला राग यायला हवा होता का? मला अठरा दिवस राबवून घेतलं, आणि कशासाठी ते सांगितलंही नाही. तसं म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना सांभाळून घेतलं असतं. दोन मीटर वाढवून लिहिले असते."

मी आयुष्यात कुणासाठी दोन मीटर वाढवून लिहिलेले नाहीत. पण दादासाठी लिहिले असते की नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तिघंही. दादा कुरकुर करत होता, पण वही त्याच्याच मांडीवर होती.

डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या बाई, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दादाला अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून उघडायला सांगितली. डाव्या हाताची जमली. उजव्या हाताची आधी मोठी उघडली, मग लहान, मग आणखी लहान, मग थांबली. माझ्या वहीतल्या दहा फेकी मला तिथे दिसल्या. मग व्हरांड्यातून चालवलं, गोल गोल रेघ काढायला लावली, वास विचारले.

मग वही वाचली. मी सांगणार होतो की टेप प्रमाणित आहे, पण वहिनींनी डोळ्यांनी गप्प केलं.

कंपवात आहे, त्या म्हणाल्या. दादा लगेच म्हणाला, "पण मला कंप कुठाय?" त्या म्हणाल्या, सगळ्यांना असतोच असं नाही, म्हणूनच काही जणांचा उशिरा लक्षात येतो. बरा होत नाही. गोळ्यांनी हात बराच सुटेल. व्यायाम रोजचा. हात वापरत राहायचा, जपून ठेवायचा नाही.

निघताना मला विचारलं, "तुम्ही हे सगळं कशासाठी मोजत होता?"

म्हटलं, "जुनं रीळ चांगलं की नवं, हे बघायला."

"मग काय निघालं?"

मी वही मिटून पिशवीत घातली.

गाडीत दादा मागे बसला होता. तिथूनच म्हणाला, "म्हणजे तेल जड नव्हतं." वहिनी खिडकीबाहेर बघत रडत होत्या. मी गाडी चालवत होतो म्हणून बरं.

४ मार्च, मंगळवार

चिटणिसांना लेख दिला. दीड पानाचा. त्यांना रोजचे आकडे हवे होते, ते दिले नाहीत. ते दादाचे आहेत.

लेखात एवढंच लिहिलं. अंतर आणि सोय बघाल तर नवं सरस, यात वाद नको. हलकं आहे, सोपं आहे, नवख्या माणसालाही पहिल्या दिवसापासून साथ देतं. फरक एकच. नवं रीळ तुमची चूक पोटात घालतं, जुनं ती तोंडावर सांगतं. ज्याला मासे हवेत त्याने नवं घ्यावं. ज्याला आपला हात कसा चाललाय हे कळायला हवं असेल, त्याने जुनं जवळ ठेवावं.

चिटणीस म्हणाले, शेवट गुळमुळीत झालाय. असू दे.

दादाकडे गेल्या वर्षी नवं रीळ असतं तर हे अजून वर्षभर मला दिसलं नसतं. हे लेखात लिहिलं नाही. इथे लिहितो.

२९ मार्च, शनिवार

गोळ्या सुरू होऊन महिना झाला. पहिले पंधरा दिवस मळमळ, मग फरक. गोळीनंतर तासभर तरी हात चांगला सुटतो. बटणं दार न लावता लावतो. आवाजही वाढलाय, आज माझ्यावर ओरडला.

कारण असं. एक ग्रंथपालबाई काठी घेऊन आल्या. स्वतःचीच, बावीस वर्षं वापरलेली बांबूची. गाडीच्या दारात सापडून टोकाच्या पट्ट्या सुटल्यात, कड्यांचे दोरे कुजलेत. दादा म्हणाला, "मी काम बंद केलंय." बाई काठी पुन्हा पिशवीत घालायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवून जा. दीड महिना लागेल."

बाई गेल्यावर दादा असा भडकला की वहिनी बाहेर आल्या. "कोण करणार आहे ते? तू? आयुष्यात तराजूचे शिक्के मारलेस नुसते!"

मी म्हटलं, "मग शिकव."

वहिनी परत आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला, तीन कप, आणि त्या तिथेच बसल्या.

१२ एप्रिल, शनिवार

रोज नऊला जातो. चिकटवणं आम्ही दोघांनी मिळून केलं, त्याने धरायचं आणि मी दोरा गुंडाळायचा. ते जमलं. कड्या बांधणं म्हणजे मात्र छळ आहे. रेशमी दोरा वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मधे केसाएवढी फट चालत नाही. माझी पहिली कडी दादाने नखाने तपासली आणि ब्लेडने कापून टाकली. दुसरी कापली. आज अकरावीही कापली.

"इन्स्पेक्टर, हे माप नाही. डोळे मिट. बोटाला कळलं पाहिजे."

बत्तीस वर्षं मी लोकांचा माल बाद केला. बाद होणाऱ्याला कसं वाटतं ते आता कळतंय. घरी येताना त्याला मनातल्या मनात बरंच बोललो.

८ मे, गुरुवार

काठी पुरी झाली. ग्रंथपालबाई दहाला न्यायला आल्या. एकूण दहा कड्या. दोन दादाने बांधल्या, गोळीनंतरच्या तासात, दोन सकाळी मिळून. आठ माझ्या.

बाईंनी काठी उजेडात धरली, वाकवून बघितली, मग एकेका कडीवरून बोट फिरवलं. दोन कड्यांपाशी थांबल्या. "या तुमच्या," दादाला म्हणाल्या. "बाकीच्या कुणी बांधल्या?"

माझे कान तापले. दादाने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"नवीन माणूस ठेवलाय. हात कच्चा आहे अजून. पण उलट बोलत नाही, टिकला तर दोन-तीन वर्षांत तयार होईल."

बाई हसल्या, काठी घेऊन गेल्या. दादा टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे डाव्या हाताने गोळा करत होता. उजवा मांडीवर होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून साडेआठला येत जा. गोळी मी आठलाच घेतो, तुझी वाट बघण्यात चांगला अर्धा तास फुकट जातो."

गजर साडेसातचा लावलाय.